उपाशी नवाबाचं दर्शन

बोईसर स्टेशनाबाहेर माझं चहाचं हॉटेल, त्यामुळे गावातली सगळी मंडळं माझ्याच बाकड्यावर जन्माला येतात. भजनी मंडळ झालं, नाट्य मंडळ झालं, आणि तिकडे तारापूरला वीजकेंद्राचं काम निघालं त्या सुमारास निघालं अश्वदया मंडळ. हे शेवटचं तर निव्वळ माझ्या भज्यांवर पोसलं.

अध्यक्ष कोण, तर कृष्णकांतशेठ, गवताच्या वखारीचे मालक. आता गंमत ऐका. कामावरचे मजूर स्टेशनावरून न्यायला ट्रक लावले ते ह्यांनीच. त्या ट्रकांपायी टांगे बसले, आणि टांगे बसल्यावर ह्यांना घोड्यांसाठी रडू कोसळलं. "मुक्या जिवांचं आता काय हो होणार?" म्हणत माझ्या टेबलाशी डोळे पुसत बसले. मी फडकं पुढे करणार होतो, पण ते तेलकट होतं.

पंढरी टांगेवाल्याचा नवाब हा मंडळाचा पहिला घोडा, आणि शेवटचाही. पंढरीला सवारी मिळेना, घोड्याचं पोट भरेना. शेठ म्हणाले, "माझ्या कुंभवलीच्या वखारीत आणून सोड. मरेपर्यंत गवत खाईल." पंढरीनं मन घट्ट करून घोडा दिला. टांगा माझ्या हॉटेलाशेजारी उभा केला, त्यात माझ्या कोंबड्या बसायला लागल्या, आणि पंढरी फलाटावर ओझी उचलायला लागला.

मंडळानं नवाबाची सुटका केली म्हणजे काय केलं? लगाम काढला, झापडं काढली. तोंडाला बांधायचा चंदीचा, म्हणजे दाण्याचा, तोबरा पाहून शेठच्या बायको नलूताईंनी तर किंकाळीच फोडली. "अगं बाई, तोंडाला पिशवी! केवढा हा छळ!" तोबरा पंढरीच्या अंगावर भिरकावला आणि छळ करणारा माणूस म्हणून त्याला वखारीत पाऊल टाकायची बंदी केली. त्यानं तो तोबरा झटकला आणि टांग्यात आणून ठेवला.

इकडे नवाबापुढे पितळी ताट आलं. त्यात हरभरे, गूळ, भोवती रांगोळी. नवाबानं हुंगलं आणि मान फिरवली, शेजारच्या गवतालाही तोंड लावलं नाही. जन्मभर तो स्टेशनाबाहेर टांग्याला जुंपलेला, तोबऱ्यात तोंड घालून जेवलेला. त्याला रांगोळीचं काय कौतुक! दुसऱ्या दिवशीही तेच, आणि तो दिवस निघाला एकादशीचा. झालं! "उपास धरलाय हो त्यानं!" नलूताईंनी हात जोडले. माणसं नारळ घेऊन दर्शनाला यायला लागली. द्वादशीलाही घोडा खाईना, तर म्हणे व्रत कडक आहे. फासळ्या दिसायला लागल्या तसे लोक जास्तच पाया पडायला लागले. अक्कल गहाण टाकायची म्हणजे तरी किती!

पंढरी रोज कुंभवलीला जायचा आणि फाटकावरून हाकलला जायचा. एकदा माझ्या बाकड्यावर बसून ढसाढसा रडला. "मरल तो. मी त्याला जगवाया दिला, देव कराया नाय." माझं काळीज तुटलं. तसाच उठून शेठना सांगायला गेलो, तर त्यांनी माझ्या हातावर प्रसादाचं खोबरं ठेवलं.

मग मंडळाचा सोहळा ठरला. मुंबईचे पाहुणे येऊन घोड्याला शाल घालणार होते. त्या सकाळी गाडीची शिट्टी झाली आणि बघतो तर काय, गळ्यात झेंडूचा हार, कपाळाला कुंकू, तुटलेलं दावं लोंबतंय, असा नवाब झोकांड्या खात स्टेशनापुढे हजर! थेट आपल्या टांग्याशी गेला आणि दांड्यांकडे पाठ करून उभा राहिला. कोंबड्या फडफडत पळाल्या. पंढरी ओझं टाकून धावला, मानेला मिठी मारली, दांड्या चढवल्या, तोबरा बांधला. भिजवलेले हरभरे मी दिले. उसळीचे होते, पण खड्ड्यात गेली उसळ. नवाब असा खाऊ लागला की माझेच डोळे भरून आले.

तेवढ्यात शेठ, नलूताई आणि मंडळाची माणसं पाहुण्यांना घेऊन स्टेशनातून बाहेर पडले. शेठची जीप नेमकी बंद पडली होती. त्यांना टांगा दिसला, पुढचा घोडा कोण ते काही दिसलं नाही.

"पंढरी, कुंभवलीला सोड, लवकर!" म्हणत सगळं अश्वदया मंडळ पाहुण्यांसकट टांग्यात चढलं. एकाच्या हातात फलक होता: मुक्या प्राण्यांवर दया करा.

"घोडा कोनाचा हाय?" पंढरीनं विचारलं.

शेठना आत्ता कपाळाचं कुंकू दिसलं. पाहुणे टकामका बघत होते. "तुझाच की रे," शेठ पुटपुटले.

"मोठ्यानं बोला. सगल्यांना आयकू द्या."

"तुझा! तुझा घोडा! आता हाक एकदाचा!"

"मंग उतरा खाली. उपाशी हाय तो. एवढी मानसं नाय ओढायचा."

उतरले! करतात काय? सोहळ्याचा मांडव कुंभवलीला, आणि शाल घालायला घोडा तर हाच! तोबरा रिकामा होईपर्यंत उन्हात तिष्ठले. मग रिकामा टांगा घेऊन नवाब पुढे आणि फलक घेऊन मंडळ मागे, अशी मिरवणूक निघाली. मी हॉटेल उघडं टाकून सोबत गेलो. असला तमाशा कोण सोडतो! नवाब सवयीनं जुन्या प्रत्येक थांब्यावर थांबायचा, उतारू उतरेल एवढा वेळ वाट बघायचा, आणि मागे मंडळालाही थांबावं लागायचं. ताडीच्या दुकानापुढे तर तो चांगलाच रेंगाळला. शेठनी घाम पुसला, नलूताईंनी चपला हातात घेतल्या.

"अजून किती लांब आहे हो?" पाहुण्यांनी कळवळून विचारलं.

पंढरीनं वळूनसुद्धा पाहिलं नाही. "नवाबाला इचारा," म्हणाला.