शिंपिणीचा श्वास

मंगळवारी दुपारी, जेवणाची ताटं उचलायच्या आधीच शिमेनानं सिनेमाची डीव्हीडी लावली. चौथ्या मिनिटाला ढगांची शिंपीण शिडीवरून खाली उतरत गायला लागली, आणि एल्विराच्या हातातला चमचा तसाच राहिला. आवाज तिचा नव्हता.

आवाज चांगला होता. तरुण, स्वच्छ, खालच्या सुरांत जरा पातळ, पण ओठांशी नीट बसणारा. त्यात खोट काढायला एल्विराला जागा नव्हती. फक्त तो दुसऱ्या कुणाचा तरी होता.

शिमेनानं गाणं पुरतं संपू दिलं. मग तिनं रिमोट उचलला.

"आजी, ही तू आहेस?"

"नाही."

"मग तू कधी येतेस?"

"मी येतच नाही, बाळा. त्यांनी नव्यानं डबिंग केलंय."

नऊ वर्षांच्या पोरीनं डीव्हीडीचं खोकं उलटंसुलटं करून बारीक अक्षरातला मजकूर वाचला. त्यात आजीचं नाव नव्हतं. ते जुन्या फितीवरही कधी नव्हतं. १९७१ साली हा इंग्रजी सिनेमा मेक्सिको शहरात आला, तेव्हा स्पॅनिशमध्ये शिंपिणीचं बोलणं एका नटीनं केलं आणि गाणी एल्विरानं म्हटली. दोघींची नावं कुणी छापली नाहीत. तशी पद्धतच नव्हती. पुढं वीसेक वर्षं दर नाताळच्या दुपारी तो टीव्हीवर लागत राहिला आणि देशभरच्या मुलांना एल्विराचा आवाज पाठ झाला, एल्विरा कोण हे ठाऊक नसताना.

आता मात्र ते एका वर्गाला ठाऊक होतं. शिमेनानं शाळेत सांगितलं होतं आणि वर्गाच्या ग्रिसेल्दाबाईंनी ठरवूनही टाकलं होतं की शुक्रवारी मातृदिनाच्या कार्यक्रमात हा सिनेमा दाखवायचा आणि शिंपिणीला प्रत्यक्ष बोलवायचं. शाळेच्या फाटकावर पाटी लागली होती. ती शिमेनानंच रंगवली होती.

"आई, तू ऐकलंयस ना आजीला टीव्हीवर?"

"दर नाताळला," नोएमी स्वयंपाकघरातून म्हणाली. "तुला झोपवताना कुठलं गाणं म्हणायचे मी?"

"तू तिची मुलगी आहेस. तू तिचीच बाजू घेणार." शिमेनानं खोकं बंद केलं. "वर्गातली रेनाता म्हणेल, तुझी आजी थापा मारते."

"आणि तुला काय वाटतं?" एल्विरानं विचारलं.

पोर ताटं उचलायला गेली.

बुधवारी सकाळी एल्विरा पोर्तालेसच्या जुन्या बाजारात गेली. तिथं वेन्सेस नावाचा चाळिशीचा गडी जुन्या कॅसेटी आणि नव्या नकला एकाच ताडपत्रीखाली विकत असे.

"जुन्या आवाजातली शिंपीण? बाई, दर डिसेंबरला दहा जण विचारतात. टीव्हीवरून कुणी टेप केली असेल, तर तिच्यावर नंतर पोरीचं लग्न नाहीतर फुटबॉलचा सामना चढवलेला असतो. आपली माणसं कसली जपतायत!"

"तरी एकदा बघ."

तो खोक्यांत हात घालून शोधू लागला आणि शोधता शोधता तेच गाणं गुणगुणू लागला. 'फाटलं आभाळ शिवते राजा, ढगांचं पांघ...' तिथं तो अडखळला, श्वास घेतला, '...रूण घाल.' एल्विराला वाटलं, याच्या सिगरेटी फार झाल्यात. टेप मिळाली नाही.

त्या ओळीचं तिला सुखही नव्हतं. १९७१च्या फेब्रुवारीत ती चोवीस वर्षांची होती आणि तिला सातवा महिना होता. काम दुसरीकडं जाऊ नये म्हणून ती स्टुडिओत सैल कोट घालून जायची. शेवटची ओळ एका दमात म्हणायची होती. पडद्यावरची नटी तोंड उघडं ठेवून सूर लांबवत होती. पण एल्विराच्या छातीत तेवढी हवा मावेना. तीनदा म्हटली, तिन्ही वेळा 'पांघरूण' मध्येच तुटलं. बाहेर पुढच्या कामाची माणसं थांबली होती. दिग्दर्शक आन्सेल्मोंनी घड्याळ बघितलं. "राहू दे. एवढं कोण ऐकतंय?"

एल्विरा ऐकत होती. पुढं दर नाताळला ती ओळ जवळ आली की ती उठून बकालाओचं पातेलं बघायला जायची. घरच्यांना वाटायचं, हिला माशाची भारी काळजी. खरं कारण तिनं नोएमीलाही कधी सांगितलं नाही. स्वतःची चूक वीस वर्षं देशभर वाजत असताना ती वर आणखी बोलून कशाला दाखवायची?

शुक्रवारी ती आजारी पडणार होती. सकाळी आरशासमोर तिनं खोकून पाहिलंसुद्धा. मग केस विंचरले आणि निघाली.

शाळेच्या पटांगणात ताडपत्री ताणली होती, घडीच्या खुर्च्या मांडल्या होत्या. साठ-सत्तर आया, प्रत्येकीच्या छातीशी टाचणीनं लावलेलं कार्नेशनचं फूल. एल्विरानं ग्रिसेल्दाबाईंना बाजूला घेऊन खरं काय ते सांगितलं.

बाईंचा चेहरा उतरला. "आता पाटी लागलीय हो, एल्विराबाई. आणि कुणाला कळणार आहे? तुम्ही नुसतं हसून हात हलवा."

"मला कळेल," एल्विरा म्हणाली. "आणि पहिल्या रांगेतल्या एकीला कळेल."

तिनं माईक हातात घेतला. "या डीव्हीडीवर जी गाते ती मी नव्हे. नव्या मुलीनं गायलंय, चांगलं गायलंय. जुनं मी गायले होते. ते आता कुठं मिळत नाही. माझ्याकडं पुरावा नाही." एवढंच बोलून ती बसली.

आयांनी भिडेखातर टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेत रेनाता शिमेनाकडं वळली आणि मुळीच हळू न बोलता म्हणाली, "म्हणजे काहीच नाही." शिमेना आजीशेजारून उठली आणि तिच्यापासून दोन खुर्च्या सोडून बसली. एल्विरानं ते पाहिलं आणि पर्स मांडीवर सरळ केली.

सिनेमा सुरू झाला. शिंपीण शिडीवरून उतरली, मुलांची तोंडं वर झाली. गाणं लागलं तशी मागच्या रांगेत एक आई हळूच गायला लागली. मग तिच्या शेजारची. दुसऱ्या कडव्यापर्यंत सगळं पटांगण गात होतं, कुणी बेसूर, कुणी मांडीवरचं पोर डोलवत. शेवटची ओळ आली. एल्विराला उठावंसं वाटलं. पण इथं पातेलं नव्हतं.

'ढगांचं पांघ...'

आणि साठ-सत्तर बायकांनी श्वास घेतला. सगळ्यांनी एकदम, त्याच ठिकाणी. ताडपत्रीखाली तो ऐकू आला. डीव्हीडीवरची नवी मुलगी न थांबता एकटीच पुढं गेली आणि गाणं संपवून मोकळी झाली.

'...रूण घाल,' पटांगण मागून म्हणालं.

क्षणभर गोंधळ उडाला, मग हशा पिकला. दुसऱ्या रांगेतली जाडजूड आई चिडून म्हणाली, "ही काय गाते? मधला श्वासच घेत नाही मेली!"

"चुकीचंच आहे ते," तिच्या मागची म्हणाली. "आमच्या वेळी बरोबर होतं."

रेनाताची आईही तेच म्हणत होती. रेनाता तिच्या तोंडाकडं बघत होती.

पुढचा सिनेमा शिमेनानं पाहिला नाही. ती एक खुर्ची सरकली, मग दुसरी.

"आजी, त्या सगळ्या तिथं का थांबल्या?"

एल्विराला काहीही सांगता आलं असतं. ती गायकीची लकब होती, स्पॅनिशला तसंच शोभतं, दिग्दर्शकांनी मुद्दाम ठेवलं. पोरीनं मानलं असतं.

"मी तिथं चुकले होते म्हणून."

"सगळ्याजणी तुझी चूक गातात?"

"असं दिसतंय."

"पण तू का चुकलीस?"

एल्विरानं पटांगणाच्या कडेला पाहिलं. तिथं टेबलापाशी नोएमी रंगीत जेलीचे पेले मांडत होती आणि कुणाशी तरी चमच्यांवरून वाद घालत होती.

"श्वासाला जागा नव्हती. तुझी आई आत बसली होती."

शिमेनानं आईकडं पाहिलं, मग आजीच्या पोटाकडं. तिचे ओठ हलले. ती ओळ ती अगदी हळू, स्वतःशीच म्हणून बघत होती. 'पांघ'पाशी ती थांबली.

"मी पण," ती म्हणाली.

"तुला तिथं थांबायचं कारण नाही. तुझा दम चांगला आहे. एका श्वासात म्हण."

शिमेनानं पुन्हा म्हटलं. पुन्हा तिथंच श्वास घेतला.