पाण्यावर गप पडलेला

बुडालेला माणूस हाक मारतो, असं सातपाटीत जुनी माणसं सांगतात. तिन्हीसांजेला, भरती चढताना, घरच्यांचं नाव घेऊन. पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, दुसरीलाही नाही. तिसरी हाक भुताला मारताच येत नाही म्हणे. चला, एवढं सोपं असेल तर बरंच आहे. पण दर्पण हाक मारतच नव्हता. त्याचं काय करायचं ते कुणी सांगून ठेवलेलं नव्हतं.

फाल्गुनात वारा उठला, त्या दिवशी नामदेव तांडेलांच्या बोटीवरून दोन माणसं पाण्यात गेली. एक त्यांचाच मुलगा दर्पण. दुसरा कैलास, मनोरकडचा खलाशी, दोन लेकरांचा बाप, ज्याला गुडघाभर ओढ्यापलीकडे पाणी ठाऊक नव्हतं. कैलास वाचला. दर्पण सापडला नाही. गावातल्या साऱ्या बोटी धंदा टाकून शोधायला गेल्या आणि रिकाम्या हातांनी परत आल्या. नामदेवांनी किनाऱ्याला पाय लावताच सांगितलं, "फळी बसली डोक्यात. पडला तवाच गेला व्हता. पान्यावर गप पडलेला. मंग कैलासला घेतला." बोट चालवणाऱ्या तांडेलाचा शब्द तो. उलट कोण विचारणार?

दर्पणची धाकटी बहीण उन्नती बोईसरला नोकरी करते. तिथल्या औद्योगिक वसाहतीत एक प्रयोगशाळा आहे, औषध कंपन्यांना नव्या औषधांच्या चाचण्या करून देणारी. तिथं ती उंदीर सांभाळते. शिकलेली पोर, पांढरा कोट, पगार वेळेवर, पण सातपाटीच्या बायांना त्याचं काय कौतुक! टोपली घेऊन बाजाराला निघालेली एखादी वाटेत अडवून विचारायचीच, "काय गो, दर्यावरची पोर तू, आनि उंदरांना आंघोळी घालतेस?" उन्नतीही काही कमी नव्हती. "आंघोळ नाही काकी, पोहायला शिकवते." फाल्गुनानंतर मात्र ही थट्टा कुणी केली नाही.

कारण काम खरोखरच पोहण्याचं होतं. मन खचलेल्या माणसांसाठी जे औषध बनतं, ते आधी उंदराला द्यायचं. मग त्याला काचेच्या उंच नळकांड्यात कोमट पाण्यात सोडायचं. चढायला जागा नाही, पायाला तळ नाही. उंदीर जिवाच्या आकांतानं हातपाय मारतो, काचेवर नखं घासतो, आणि मग थांबतो. नाक तेवढं वर ठेवून गप तरंगत राहतो. तो थांबला की उन्नतीनं घड्याळाचं बटण दाबायचं. औषध गुणाचं असेल तर उंदीर उशिरा थांबतो, असा त्यातला हिशेब. कागदावर त्याला 'निश्चल' म्हणत. आपसात सगळे म्हणत, "हरला." ठरलेली मिनिटं भरली की त्याला काढायचं, टॉवेलनं पुसायचं, दिव्याच्या उबेला ठेवायचं. पुढं त्याचं काय होतं ते उन्नती घरी सांगत नसे.

दर्पण गेल्यावर ती पुन्हा कामावर गेली, आणि हे काम तिच्या अंगावर यायला लागलं. धडपडणाऱ्या उंदराचं तिला काही वाटायचं नाही. पण तो गप पडला की तिची नजर त्याच्यावरून हलायची नाही. काचेतून ते काळे डोळे बघत राहायचे, आणि तिला वाटायचं, आता मागं वळले तर दर्पण उभा असेल, निथळत, काही न बोलता. ती वळून बघायची. मागं भिंत असायची. आणि तरीही भीती कमी व्हायची नाही, उलट वाढायचीच.

घरी याहून निराळं नव्हतं. नामदेव ओटीवर बसत ते दर्याकडे पाठ करून. नारळी पौर्णिमेला सगळा गाव किनाऱ्यावर लोटला, हे जागचे हलले नाहीत. त्यांची बोट खाडीत तशीच बांधून राहिली. भरती लागली की ते बोलता बोलता थांबत आणि कान देत.

"काय ऐकताय बाबा?" उन्नतीनं एकदा विचारलं.

"काय नाय," ते म्हणाले. "कायच ऐकू येत नाय."

आई, वत्सला, मासळी विकून यायची आणि टोपली ठेवता ठेवता रोज तेच धरून बसायची. देह मिळाला नाही तर दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. तो विधी करून टाका. "पोराचा जीव अधांतरी हाय. घरात पाऊल टाकलं की कळतं मला. तुमी बाप हाव का कोन? मोकळा करा त्याला." नामदेव हो म्हणत नसत आणि नाहीही म्हणत नसत. आज वारा आहे, उद्या बाजार आहे. असे महिने गेले. नवऱ्याशी भांडून भांडून वत्सलाचा आवाज बसला, पण तिनं काही पिच्छा सोडला नाही.

मग श्रावणात एका संध्याकाळी नामदेवांनी आपणहून उन्नतीला हाक मारली. चहाचा कप हातात तसाच धरून विचारलं, "तुजा उंदीर पान्यात गप पडतो, तवा त्याच्या मनात काय आसतं?"

उन्नतीला वाटलं, बाबांना खात्री करून घ्यायची आहे. आपण बोट कैलासकडे वळवली तेव्हा पोरगा खरंच गेला होता ना, हाच किडा त्यांचं डोकं पोखरत असणार. तिला त्यांची फार दया आली. तिला जे शिकवलं होतं ते तिनं सरळ सांगितलं. "काही नसतं बाबा. गप पडला म्हणजे हरला. त्याच्या लेखी सगळं संपलेलं असतं. तो कशाचीच वाट बघत नसतो."

"वाट बगत नसतो?"

"नाही."

नामदेवांनी चहा एका घोटात संपवला आणि आत जाऊन वत्सलाला सांगितलं, भटजींना बोलाव. सर्वपित्री अमावास्येचा दिवस ठरला. त्या रात्री वत्सला कित्येक महिन्यांनी पोटभर जेवली. उन्नतीला वाटलं, माझ्या नोकरीनं घराचं एवढं तरी भलं केलं.

अमावास्येच्या आदल्या दिवशी प्रयोगशाळेत घोटाळा झाला, आणि तो उन्नतीनंच केला. एक उंदीर फार लवकर गप पडला. जेमतेम चार हात मारले आणि नाक वर करून स्थिर. घड्याळाचं बटण दाबायचं सोडून ती त्याच्या डोळ्यांकडे बघत राहिली, आणि मिनिटं भरायच्या आतच तिनं बाही भिजवत त्याला बाहेर काढलं. चाचणी वाया गेली. समोर प्रियदर्शिनी मॅडम उभ्या होत्या.

प्रियदर्शिनी मॅडम या चाचण्यांच्या प्रमुख, लातूरच्या, औषधशास्त्रात डॉक्टरेट केलेल्या, जिभेला जरा धारच. पण उन्नतीचा चेहरा बघून त्या रागवायच्या थांबल्या. "का काढलंस गं?"

"तो हरला होता मॅडम. बघवेना."

मॅडमनी खुर्ची ओढली. "हरला होता हे तुला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच. सगळेच म्हणतात."

"म्हणायचो," मॅडम म्हणाल्या. "मीसुद्धा कॉलेजात असंच पाठ केलं. वर्षानुवर्षं सगळ्या जगानं केलं. पण अलीकडे यावर बरीच भांडणं चाललीत. हा आजचा उंदीर काल पाण्यात होता ना? दुसऱ्या दिवशी उंदीर लवकर गप पडतो, बघितलंस तू. आपण म्हणायचो, कालच खचला बिचारा. आता पुष्कळ जण म्हणतात, खचला कशाला? शहाणा झाला. हातपाय मारून उपयोग नाही हे त्याला कळलंय, आणि काल कुणीतरी येऊन बाहेर काढलं हेही त्याच्या लक्षात असेल. मग दमायचं कशाला? ताकद राखून ठेवायची. तरंगायचं. म्हणून तर ही चाचणी हळूहळू बंद पडतेय. आपणही पुढच्या महिन्यापासून करणार नाही."

"म्हणजे तो वाट बघत असतो?"

"उंदराच्या मनातलं मी काय सांगू बाई? पण मेला नसतो, आणि हरलेला असतो असंही छातीठोक सांगता येत नाही. एवढं नक्की." मॅडमनी तिला टॉवेल दिला. "घरी जा आज. तुझी तब्येत बरी दिसत नाही."

बोईसरहून सातपाटीपर्यंत उन्नतीला रस्ता कसा सरला ते कळलं नाही. पालघरला गाडी बदलली, तेव्हा रिक्षावाल्यानं दोनदा विचारलं, ताई, कुठं जायचं? तिच्या डोक्यात एकच. उद्या पुतळ्याला अग्नी. बाबांनी होकार दिला तो माझ्या शब्दावर, आणि माझा शब्द चुकीचा निघाला. सांगावं तर बाप मोडून पडेल, आई पुन्हा त्या अधांतरी जिवाच्या मागं लागेल. न सांगावं तर आयुष्यभर आपणच गिळून बसायचं. पालघर केव्हाच मागं पडलं होतं, तरी तिचं ठरत नव्हतं. शेवटी तिनं ठरवलं. खोटं बोलायचं. उंदरांपायी माणसं मारायची नसतात.

नामदेव घरी नव्हते. खाडीच्या काठाला, आपल्या बोटीच्या सावलीत बसले होते. फाल्गुनापासून पहिल्यांदाच त्यांचं तोंड पाण्याकडे होतं. ओहोटी होती, चिखलात होड्या कलल्या होत्या.

"लवकर आलीस?"

"बरं वाटत नव्हतं."

ती शेजारी बसली. नामदेवांनी विचारलंच. "उन्ने, परत एकडाव सांग. गप पडलेला वाट बगत नाय ना?"

"नाही बाबा," ती म्हणाली. आवाज ठीक निघाला असं तिला वाटलं.

नामदेवांनी तिच्याकडे बघितलं. वाऱ्याचा रंग ओळखून पोट भरलेला माणूस तो, पोटच्या पोरीचं तोंड त्याला वाचता येणार नाही? "खोटं बोलतेस," ते शांतपणे म्हणाले. "बोल. माज्यासाठीच बोलतेस. पन मीबी खोटंच बोललो हाय."

नामदेवांनी पुन्हा पाण्याकडे तोंड केलं.

"फळीबिळी काय बसली नव्हती त्याला. बाकीचे जाळ्याला लटकलेले, कुनी बगितलं नाय. मी बगितलं. दोगं दोन बाजूंना. कैलास बुडत व्हता, तोंडात पानी जाताना दिसत व्हतं. आनि दर्पन माज्याकडं बगत व्हता. मी हात वर केला. थांब, म्हनलं. येतो. त्यानं मान हालवली आनि पाठीवर पडला, गप. मीच शिकवलं व्हतं त्याला. एवढासा व्हता, ह्याच खाडीत. दर्यात पडलास तर झगडू नको, दर्याशी कोन जिकतो? अंग सोडून दे, गप पडून ऱ्हा, बोट येते. तसाच पडला. जसं शिकवलं तसाच. म्हनून मी बोट कैलासकडं वळवली. ज्याला येतं त्याला थांबवला, ज्याला येत नाय त्याला काढला. कुनीबी तांडेल तेच करील. कैलासला वर घेऊन वळलो, तर लाटांबिगर काय नव्हतं."

उन्नतीला बापाचा राग आला, आणि त्याच क्षणी त्याला कुशीत घ्यावंसं वाटलं. दोन्हींतलं काहीच तिला जमलं नाही.

"तू म्हनलीस गप पडलेला हरलेला आसतो, तवा मला बरं वाटलं," नामदेव म्हणाले. "म्हनलं, चला, माज्या भरवशावर तरी थांबला नाय. आता खरं सांग. तो मेला व्हता का, हे मी कदी विचारलंच नव्हतं. मला एवढंच पायजे, गप पडलेला किती येळ वाट बगतो?"

उन्नतीनं आठवून बघितलं. किती उंदीर तिच्या हातांखालून गेले होते.

"मला नाही माहीत बाबा," ती म्हणाली. "आम्ही तेवढं थांबूच देत नाही. त्याच्या आधी काढतो."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

नामदेवांनी मान हलवली. धोतराला लागलेला चिखल झटकत ते उठले आणि म्हणाले, "तुज्या आयेला सांगायला पायजे. तिला फसवून उद्या अग्नी नाय देववनार मला." ते घराकडे चालायला लागले. उन्नती त्यांच्या मागं गेली, पण ओटीवरच थांबली. आत जायचं धैर्य तिला झालं नाही.

आतून बापाचा खालचा आवाज येत राहिला आणि मग थांबला. आता आई हंबरडा फोडेल, भांडी आपटेल, बापाच्या सात पिढ्या काढेल, म्हणून उन्नती जीव मुठीत धरून उभी होती. काहीच झालं नाही. मग वत्सला बाहेर आली. पदर नीट खोचलेला, डोळे कोरडे.

"त्यानं मान हालवली व्हती म्हनतात," ती म्हणाली. "बापाला बगून. व्हय?"

"हो आये."

वत्सला दर्याकडे बघत राहिली. सहा-सात महिने हिनंच विधीसाठी घर डोक्यावर घेतलं होतं.

"भटजींना फोन लाव," ती म्हणाली. "सांग, उद्या नको. बापानं थांब म्हनलं आनि पोर थांबलाय. थांबलेल्याला कसा जाळायचा?"

उन्नतीनं फोन लावला. पलीकडून भटजी म्हणाले, "बोला, तयारी झाली का?" "उद्या नको," उन्नती म्हणाली. "तो थांबलाय."