मागच्या आसावरचं चाक

बाथरूममधलं बाबांच्या अंघोळीचं पाणी अजून वाहत होतं. धाकटीने ट्रक उलटा करून टॉवेलवर ठेवला आणि मागच्या आसावरच्या दातेरी चाकाचा इवलासा स्क्रू सोडवायला घेतला. तो घरंगळला असता तर शोधण्यातच सकाळ गेली असती. तिने श्वाससुद्धा जपून घेतला.

ट्रक बाबांचा होता. भोकं पाडलेल्या लोखंडी पट्ट्या, नट-बोल्ट, पितळी चाकं असा तो सेट धाकटीच्या जन्माआधीपासून घरात होता. कारखान्यातून निवृत्त झाल्यावर बाबांनी त्यातून क्रेन उभी केली, छपाईचं यंत्र केलं, वेळ दाखवणारं घड्याळसुद्धा केलं. या ट्रकमध्ये मात्र परवा संध्याकाळी तिला चूक दिसली. दातेरी चाक आसावर डावीकडे हवं होतं, ते उजवीकडे बसलं होतं. मोटर सुरू केली की ट्रक पुढे जाण्याऐवजी मागे येणार. असली चूक शिकाऊ पोरं करतात, बाबा नाही.

एरवी ती म्हणाली असती, "बाबा, तुमचा ट्रक रुसून परत निघालाय." पण आज दादा येणार होता.

आई गेल्यापासून बाबा एकटेच राहत. धाकटी दोन गल्ल्या सोडून राहायची आणि येता-जाता डोकावायची. मध्यंतरी दूध उतू जाऊन गॅस विझला, खोलीभर वास पसरला, आणि बाबा पलीकडे पेपर वाचत बसलेले. तेव्हापासून दादाने एका वृद्धाश्रमातली खोली धरून ठेवली होती. डॉक्टर म्हणाले होते, हातात मुरलेल्या कामात चुका व्हायला लागल्या तर मात्र त्यांना एकटं ठेवू नका. दादाने तेवढंच मनात धरलं.

"मी येऊन ट्रक चालताना बघतो," तो फोनवर म्हणाला होता. "नीट चालला, तर खोली सोडून देतो. मला काय हौस आहे का?"

धाकटी वजनकाटे तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. काटा चुकत असेल तर तसं स्पष्ट सांगायचं, हेच तिचं काम. आज तिने चाक काढलं, डावीकडे सरकवलं, स्क्रू आवळला. मोटरचा दांडा बोटांनी फिरवून पाहिला. मागची चाकं पुढच्या दिशेने फिरली. मोटर लावून बघायची छाती झाली नाही. तिची घरघर आतपर्यंत गेली असती. पाणी बंद झालं तेव्हा ट्रक टेबलावर होता तसा उभा होता आणि ती टॉवेलची घडी घालत होती.

दादा आला तो बॅग खाली ठेवायच्या आधीच म्हणाला, "काय म्हणतोय कारखाना?"

"मालक हजर, कामगार एकच. तोही संपावर," बाबा म्हणाले. "तू सुटलायस जरा."

"ते धाकटीला विचारा. तिचे काटे खोटं बोलत नाहीत."

धाकटी हसली. ती चहा ठेवायला उठली.

चहा झाला. दादा बोलत होता ऑफिसचं, पण नजर बाबांच्या हातांवर होती. बाबांनी ट्रक टेबलाच्या मधोमध ठेवला, दादाकडे तोंड करून, आणि खटका दाबला.

ट्रक घरघरला आणि मागे निघाला. काठावरून खाली जायच्या आत बाबांनी तो पंजाने अडवला. चाकं त्यांच्या हातात फिरत राहिली.

"मागे का आला, बाबा?" दादाने विचारलं. आवाज फार मऊ होता. त्या मऊपणानेच धाकटीचं अवसान गेलं.

"चूक माझी आहे," ती म्हणाली.

"माझी चूक," त्याच वेळी बाबाही म्हणाले.

"दोघांची?" दादाने विचारलं.

बाबांनी खटका बंद केला, ट्रक उलटा केला आणि चष्मा लावून आसावरच्या चाकावरून नख फिरवलं. बराच वेळ ते तिथेच बघत होते.

"चाक मी उजवीकडे बसवलं होतं," ते दादाला म्हणाले. "काल चालवून बघितला तेव्हा लक्षात आलं. हा स्क्रू आता माझ्या बोटांत राहत नाही. म्हटलं, चाक राहू दे, बॅटरीच्या वायरींची अदलाबदल करू. मोटर उलटी फिरली की ट्रक सरळ जाणार. गेलाही. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत." त्यांनी चष्मा काढला. "त्यानंतर कुणीतरी चाकही डावीकडे आणलंय."

दादाला कळायला क्षणभर लागला. मग तो खो खो हसत सुटला. "म्हणजे एकच चूक दोघांनी गुपचूप सुधारली! धन्य आहात! आणि मी इकडे रात्र-रात्र..." वाक्य अर्धवट टाकून त्याने फोन काढला. "थांबा, आधी त्या खोलीचं नाही म्हणून कळवतो." बोलत बोलत तो गॅलरीत गेला.

धाकटीला हायसं वाटायला हवं होतं. बाबा हसले नव्हते.

"तुला कधी दिसलं?"

"परवा."

"बोलली नाहीस."

"मला वाटलं, दादा आला की..."

"काय वाटलं ते कळलं मला." आवाजात राग नव्हता. एखाद्या पट्टीची लांबी सांगावी तसं ते बोलले.

त्यांनी बॅटरीचं झाकण उघडलं आणि वायरी पुन्हा पहिल्यासारख्या लावायला घेतल्या. पहिली निघाली. तिचं टोक दुसऱ्या खाचेत जाईना. बोटं थरथरत होती. टोक खाचेजवळ यायचं आणि बाजूला घसरायचं. काल हे त्यांनी एकट्याने केलं होतं. किती वेळ लागला असेल?

धाकटीचा हात आपोआप पुढे गेला होता. तिने तो मागे घेतला, दुसऱ्या हाताबरोबर मांडीखाली दाबून ठेवला आणि बसून राहिली.

वायर पुन्हा निसटली. बाबांनी ती पुन्हा उचलली.