करदोड्याचे पन्नास ग्रॅम

सातव्या केंद्रातली मुलं दिवाळीत वाढली नव्हती.

बाकीच्या अकरा केंद्रांत नोव्हेंबरच्या वजनांनी एकदम उचल घेतली होती. दर महिन्याला होते त्यापेक्षा सत्तर-ऐंशी ग्रॅम जास्त वाढ. आलेखावर अकरा रेघा वर वळल्या होत्या आणि एकच आपल्या जुन्या चालीने पुढे गेली होती.

आमचा अभ्यास साधा होता. रेवस ते थळ या पट्ट्यातल्या बारा गावांत सहा महिने ते तीन वर्षांची मुलं दर महिन्याला तोलायची. उंचीच्या मानाने ज्यांचं वजन एका ठरावीक रेषेखाली असेल, त्यांना शेंगदाणे आणि दूध पावडरीची पेस्ट रोज द्यायची आणि ती किती भरतात ते पाहायचं. वजनं गावातल्याच बाया घेत. त्यांना शिकवलं मी होतं, सूचनांची पुस्तिकाही मीच लिहिली होती.

आमच्या प्रमुख डॉ. सुचिता यांनी आलेख पाहिला. "मृणाली, एक तर तिथे पेस्ट मुलांच्या पोटात जात नाहीये, नाहीतर वजनं घरी बसून लिहिली जातायत. शुक्रवारपर्यंत बघून ये. कारण सापडलं नाही तर सातवं केंद्र बाद करू."

केंद्र बाद म्हणजे तिथली पेस्ट बंद. त्या गावात पेस्टवर चौदा मुलं होती. आणि केंद्र सांभाळणाऱ्या सखुबाई घरत यांचं सोळा महिन्यांचं काम रद्दीत जाणार होतं, तेही खोटेपणाच्या संशयावर.

गुरुवारी मी आमचा पर्यवेक्षक ओंकार याला घेऊन निघाले. मागच्या सीटवर दुसरा वजनकाटा आणि पाच किलोचं प्रमाण वजन होतं.

"मॅडम, मी सांगतो," गाडी चालवता चालवता ओंकार म्हणाला. "पेस्ट बाईंची नातवंडं खात असणार. गोड लागते ती. मी खाल्लीय."

"तू कधी खाल्लीस?"

"चव बघायला. एकदाच," तो म्हणाला आणि रस्त्याकडे जरा जास्तच लक्ष देऊ लागला.

केंद्र समाजमंदिरात भरायचं. मागे खाडीचा बांध आणि पडीक मिठागरं. सखुबाईंनी सकाळीच सगळी मुलं तोलून वही बंद केली होती. पंचावन्नच्या, सडपातळ, शाळा सातवीपर्यंत झालेली. लग्नाआधी आणि नंतरही वीस वर्षं त्यांनी मिठागरावर काम केलं होतं. मी आडपडदा न ठेवता सांगितलं, "तुमची वजनं बाकीच्यांशी जुळत नाहीत. त्यासाठी आलोय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग ओंकारच्या हातातल्या काट्याकडे. "मंग तोला तुम्ही. मी बसते बाजूला."

आया अजून तिथेच होत्या. हेमाली नावाची तरणी आई मुलीला कडेवर घेऊन पुढे आली आणि काटा मांडणाऱ्या ओंकारला म्हणाली, "भाऊ, आधी तुम्ही बसा त्याच्यावर. फराळ किती चढला ते तरी कळू दे." बाया हसल्या. सखुबाई हसल्या नाहीत. त्या भिंतीला टेकून, वही मांडीवर धरून बसल्या होत्या.

हेमालीने मुलीचं झबलं उतरवलं. माझ्या काट्यावर मुलगी भरली सात किलो एकशे ऐंशी. सखुबाईंच्या वहीत सकाळचा आकडा होता सात किलो शंभर. जागृतीचा मुलगा माझ्याकडे साठ ग्रॅमने जास्त. त्यानंतरचं मूल नव्वदने. तिथे थांबलेली नऊही मुलं मी तोलली. मी दोन्ही काट्यांवर प्रमाण वजन ठेवून पाहिलं. दोन्हीकडे पाच किलो, बरोबर.

"सकाळपासून दूध प्यालीत, म्हणून असेल," ओंकार हळूच म्हणाला. आल्यापासून पहिल्यांदाच तो त्यांच्या बाजूने बोलत होता.

तसं असतं तर एखादं मूल कमीही भरलं असतं. चूक असली की ती कधी इकडे जाते, कधी तिकडे. इथे नऊच्या नऊ मुलं माझ्या काट्यावर जास्त भरली होती. घरी बसून आकडे लिहिणाराही इतका सारखा चुकत नाही. आणि लिहायचेच तर तो जास्त लिहील, कमी कशाला?

"सखुबाई, तुम्ही तोलून दाखवता का? दर महिन्याला तोलता तसं."

त्या उठल्या. पिशवीतून त्यांनी काळ्या दोऱ्याचं रीळ काढलं, वीतभर जास्त माप घेऊन दोरा दाताने तोडला आणि हेमालीच्या मुलीच्या कमरेला बांधला. मग तिच्या कमरेचा चांदीचा करदोडा सोडून हेमालीच्या हातात दिला. पायांना खोबरेल तेल लावून वाळे काढले. एवढं झाल्यावर मुलीला काट्यावर ठेवलं.

सात किलो शंभर.

"दोरा आधी, चांदी मागून," हेमाली मला समजावत म्हणाली. "कंबर रिकामी ठेवलेली माझ्या सासूला चालत न्हाय."

"कुणाच्याच सासूला चालत न्हाय," सखुबाई म्हणाल्या. "म्हनून तं दोरा. पयल्या महिन्यात तीन बायांनी पोरं उचलून घरी न्हेली व्हती."

मी त्या मुलीकडे पाहत राहिले. काही मिनिटांपूर्वी मीच तिला तोललं होतं. करदोडा मला दिसला होता आणि दिसलाही नव्हता. अलिबागच्या घरी माझा एक वर्षाची असतानाचा फोटो आहे, अंगावर फक्त करदोडा. आई तो दाखवताना म्हणते, "ही बघ, उघडीच फिरायची." आमच्याकडे करदोडा घातलेलं मूल उघडंच असतं. पुस्तिकेत मी लिहिलं होतं, कपडे काढून वजन घ्यावे. अकरा केंद्रांनी ते तंतोतंत पाळलं होतं. आणि दिवाळीला आजोळहून वाळे येतात, करदोडा येतो. अकरा रेघा त्यामुळे वळल्या होत्या.

"पण दोऱ्याचंही वजन असेल ना?" मी विचारलं. सवयीने विचारलं.

त्यांनी कोपऱ्यातल्या छोट्या काट्याकडे बोट केलं. वाटीत उरलेली पेस्ट मोजायला तो आम्ही दिला होता. "एक दोरा ठेवला तं काटा उठतच न्हाय. मंग धा ठेवले. तवा दोन ग्राम झाले."

ही युक्ती मी कॉलेजच्या पहिल्या वर्षी, प्रयोगशाळेत शिकले होते.

वहीच्या मागच्या पानांवर त्यांनी प्रत्येक मुलाचा दागिना लिहिला होता. करदोडा पन्नास. वाळे तीस. दोन मुलांचे वाळे घट्ट झाले होते, तेल लावूनही निघत नव्हते. तिथे सोनाराच्या कागदावरचा आकडा उतरवून वजा केला होता. सोळा महिने, एकही महिना न चुकता.

"हे मला आधी का नाही सांगितलंत?"

"काय सांगायचं?" त्यांना खरंच कळलं नव्हतं. "तुम्हीच म्हनाला व्हता, धा ग्रामपन खरे पायजेत. मिठागरावर आधी रिकामी टोपली तोलायचे, मंग भरलेली. टोपली कोन मिठात धरतं? मना वाटलं सगल्याच तसं करतात."

ओंकारने आपला काटा निमूटपणे खोक्यात ठेवला. मग त्यांच्यासमोर जाऊन म्हणाला, "मावशी, मी गाडीत तुमच्या नातवंडांबद्दल काहीतरी बोललो होतो."

"काय बोल्लास?"

"आता राहू द्या."

"बोल्लास तं बोल्लास. उद्या येऊन जागृतीच्या सासूला समजाव. करदोडा सोडताना दर येळी भांडते, माजं ऐकत न्हाय."

मी बाहेर बांधावर जाऊन डॉ. सुचितांना फोन लावला. सगळं सांगितलं.

"म्हणजे सातवं सोडून बाकीची अकरा बाद?"

"बाद नको. पुन्हा तोलायची. चूक पुस्तिकेतली आहे, म्हणजे माझी आहे."

"आपली वाढ कमी दिसेल, मृणाली."

"हो. पण खरी दिसेल."

त्या म्हणाल्या, "त्या बाईंना विचार, बाकीच्यांना शिकवायला येतील का."

सखुबाई आल्या. तीन आठवडे ओंकार त्यांना गावोगाव घेऊन फिरला. आधी दोरा, मग चांदी, मग काटा. आमचा आकडा खाली आला. पेस्टचा उपयोग होता, पण आम्ही मार्चच्या अहवालात लिहिला होता तेवढा नव्हता. गेल्या दिवाळीची चांदीही त्यात पेस्टच्या नावावर जमा झाली होती; तेव्हा आम्ही केंद्रवार आलेख काढला नव्हता. तो अहवाल आम्ही दुरुस्तीसाठी परत घेतला. आणि चांदी उतरल्यावर अकरा गावांत मिळून नऊ मुलं रेषेच्या खाली गेली. इतके महिने ती करदोड्याच्या आधाराने रेषेच्या वर उभी होती आणि त्यांना काही मिळत नव्हतं. त्या नऊ जणांची पेस्ट सोमवारी सुरू झाली. सातव्या केंद्राची थांबलीच नाही.

पुस्तिका मी नव्याने लिहिली. साहित्याच्या यादीत वजनकाटा, उंचीची पट्टी, प्रमाण वजन यांच्याखाली एक ओळ वाढवली: काळा दोरा, एक रीळ. डॉ. सुचितांनी मसुदा वाचून त्या ओळीपुढे पेन्सिलीने लिहिलं, "दहा दोरे मिळून दोन ग्रॅम. मोजणी: सखुबाई घरत."

मी ते तसंच छापायला दिलं.