हजार तीस ग्रॅम

“हे चीजचं तिसरं चाक तडकलं, ओदिल!” चीज करणारे आंसेल्मकाका तळघरातूनच ओरडले. “डेअरी समितीचे लोक म्हणतायत, म्हाताऱ्याचे हात गेले. रविवारी मला घरी बसवणार!”

“दुधात खोट नाही, काका. रोज मी स्वतः मापते.”

“म्हणजे खोट माझ्यातच!”

त्या भल्या माणसाच्या अन्नात मीच माती कालवत होते, हे तेव्हा कुठे ठाऊक होतं! फ्रान्सच्या जुरा डोंगरातल्या आमच्या गावाचं सगळं दूध एकाच तांब्याच्या कढईत पडतं. त्याआधी प्रत्येकाच्या कॅनमधलं दूध घेऊन मी त्यात लॅक्टोमीटर सोडते. लिटरभर चोख दुधाचं वजन हजार तीस ग्रॅम, पाण्याचं हजार. पाणी घातलं की आकडा उतरतो. एकवीस वर्षं मी त्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला.

पण काकांचा चेहरा डोळ्यांपुढून हलेना. दुसऱ्या दिवशी मी बाराही घरांचं दूध काचेच्या उंच नळ्यांत भरून खिडकीत ठेवलं. दुपारी पाहते तर अकरा नळ्यांत सायीचा जाड थर, बारावीत नुसती दोऱ्याएवढी रेघ. नळीवरची चिठ्ठी वाचली. युगेत. माझी बालमैत्रीण!

मग आठवलं. हिवाळ्यात माझ्याच स्वयंपाकघरात अक्रोड फोडता फोडता तिनं विचारलं होतं, “अगं, साय काढली तर दूध हलकं होत असेल ना?”

“उलट! साय पाण्याहून हलकी. ती गेली की उरलेलं दूध जड होतं.”

“मग त्यात थोडं पाणी घातलं, की पुन्हा हजार तीस?”

“शाब्बास! आता तूच मापायला बस,” म्हणत मी खो-खो हसले होते. तीही हसली होती.

केसानं गळा कापला मेलीनं!

सकाळी युगेत आली, नेहमीसारखे गालाला गाल लावले. “काय गं, चेहरा का उतरलाय?”

मी तिच्या दुधात लॅक्टोमीटर सोडला. तो डुलला, स्थिरावला. हजार तीस.

“बघ, चोख!” ती म्हणाली.

मी कालची नळी तिच्यापुढे ठेवली. तिची नजर रेघेवर गेली.

“तुला काय कमी पडलं गं त्यात?” ती हळूच म्हणाली. “नाताळात लोण्याचं मडकं दिलं, ते तू मिटक्या मारत खाल्लंस की!”

खाल्लं होतं. वर तिचं कौतुकही केलं होतं.

“ओदिल, ओतायचं का दूध?” आतून काकांनी हाक मारली.

“थांबा काका, बाहेर या. तुमच्या हातांना काही झालेलं नाही, साय काढलेल्या दुधानं चाकं तडकतायत.”

युगेतनं कॅन उचलला आणि ती निघून गेली. मी काकांना नळी दाखवली, लोण्याचंही सांगितलं. मग लॅक्टोमीटर धुतला, कोरडा पुसला आणि “उद्यापासून मापायला दुसरं कुणी बसवा,” म्हणत त्यांच्या हातात दिला.