नसाबीत उभा केलेला शब्द

आमच्या तांड्यात कुठलीही गोष्ट साधेपणानं मिटत नाही. बैल कुणाच्या वावरात शिरला, सोयरीक मोडली, दोन जावांनी बोलणं टाकलं, की नसाब बसते. नसाब म्हणजे आमची पंचायत. मध्ये नायक, बाजूला पंच, आणि फिर्यादी स्वतःच्या तोंडानं ‘समाधान झालं’ म्हणेपर्यंत कुणी जागचं हलायचं नाही. मला या प्रकाराचा भयंकर कंटाळा. त्यात नायक म्हणजे माझे सासरे देवसिंग, त्यामुळे साऱ्या तांड्याचा चहा माझ्या गळ्यात.

पण त्या रविवारी नसाब बसली ती चक्क एका इंग्रजी क्रियापदावर.

माझ्या नणंदेला, राखीला, सोमवारी मारेगावच्या एका इंग्रजी शाळेत पाठ घेऊन दाखवायचा होता. विषय शाळेनंच दिला होता: ‘गेट’. फाटकाचं गेट नव्हे, इंग्रजीत उठता-बसता वापरतात ते क्रियापद. पाठ पसंत पडला तर नोकरी पक्की, आणि राहायचंही शाळेच्याच वसतिगृहात. राखी हुशार आहे, बी.एड. झालेली आहे. पण चार माणसांपुढं उभी राहिली की तिची दातखीळ बसते. दोन शाळांतून ती अशीच घाम पुसत परत आली होती.

‘‘बबिताभाभी, या टायमाले नाई जमलं तं मी नाद सोडून देतो,’’ ती मला म्हणाली. मला असा राग आला म्हणता!

सासऱ्यांच्या कानावर हे गेलं. ते म्हणाले, ‘‘लोकायची भीती लोकायतच जाते. संध्याकाळी नसाब बसवा. पोरगी त्या शब्दाची बाजू मांडन.’’

झालं, संध्याकाळी सगळा तांडा मारुतीच्या पारासमोर जमला. पूनमसिंगकाकांना नियमाचा भारी पुळका. ते लगेच उठले. ‘‘फिर्यादी कोण हाय? फिर्यादीबिगर नसाब कशी बसन?’’

लोक हसायला लागले. तेवढ्यात माझी सासू रुपीबाई पदर खोचून पुढं झाली. ‘‘मी हाओ फिर्यादी.’’

मला वाटलं, म्हातारी आज रंगात आहे. मी आपली पाराजवळच मांडलेल्या चुलीवर चहाचं आधण ठेवून ऐकत बसले.

‘‘राखी, सांग,’’ सासू म्हणाली, ‘‘सकाळी उठायले इंग्रजीत काय म्हणतेत?’’

‘‘गेट अप,’’ राखी पुटपुटली.

‘‘भिजायले?’’

‘‘गेट वेट.’’

‘‘राग आला तं?’’

‘‘गेट अँग्री.’’

‘‘अन् समजलं त्याले?’’

‘‘त्यालेबी गेट, याडी.’’ याडी म्हणजे आमच्यात आई.

सासू पंचांकडं वळली. ‘‘ऐकलं? आपल्या बोलीत उठाचा शब्द येगळा, भिजाचा येगळा. हा एकटाच साऱ्यायचं काम खाऊन बसला. बाकीच्यायनं काय उपाशी मराव? चोर हाय हा.’’

टाळ्या पडल्या. राखी मात्र ओढणीचं टोक पिळत उभी. मी चुलीपाशी जीव मुठीत धरून बसले. बोल ना गं बाई!

सासू थांबायला तयार नव्हती. ‘‘लग्न झालं तं?’’

‘‘गेट मॅरिड.’’

‘‘नोकरी लागली तं?’’

‘‘गेट अ जॉब.’’

‘‘म्हंजे लेकरू घराबाहीर काढाचं असलं की हाच येते!’’ म्हणताना तिचा आवाज चिरकला.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. म्हातारी गंमत करत नव्हती. राखी मारेगावला राहायला जाणार, हे तिला सहनच होत नव्हतं. लेक इथं हरली तर घरी राहील, एवढाच तिचा हिशोब. आणि गंमत अशी, की मला तिचा संतापही आला आणि तिच्याजवळ जाऊन बसावंसंही वाटलं.

ते राखीलाही कळलं असावं. तिनं ओढणी सोडली.

‘‘काहून चोर म्हणतं त्याले, याडी?’’ ती एकदम कडाडली. ‘‘आपले जुने लोक बैलाईवर माल लादून देशोदेशी फिरत होते. पाठीवर मीठ असलं तं मीठ नेलं, गहू असला तं गहू नेला. बैलानं कोनाचं काम खाल्लं? गेटबी तसाच हाय. त्याच्या मांगं जे लादसान ते तो नेते. वेट लादलं तं भिजवते, अँग्री लादलं तं राग आनते. मॅरिड आन् जॉब त्यानं नाई लादलं, ते आपन लादतो. शिव्या त्याले कायले?’’

मग पूनमसिंगकाकांनी विचारलं, म्हाताऱ्या धुरपताबाईनं विचारलं, पोरंसोरं विचारत सुटली. ताप आल्याला काय? म्हातारं झाल्याला काय? पाणी आणायला काय? राखी एकेकाला उत्तर देत होती, हात उडवत होती, चुकलेल्याला दटावत होती. माझा चहा उतू गेला तरी मला शुद्ध नव्हती.

शेवटी नायकांनी विचारलं, ‘‘फिर्यादी, समाधान झालं?’’

सासूनं खोचलेला पदर सोडला. मग हळूच म्हणाली, ‘‘अन् घरी वापस याचं असलं तं?’’

‘‘त्यालेबी गेट, याडी. गेट होम. शनिवारची दुपारची बस पकडली तं सांजेलोक मी तुह्याजवळ असन.’’

सासूनं पदरानं नाक पुसलं. ‘‘झालं समाधान. उद्या पोरीले मीच बसमंदी बसवून देईन.’’

आणि दिलंही. खिडकीतून राखीच्या हातात दशम्या कोंबल्या, आणि बस नजरेआड होईपर्यंत तिथून हलली नाही.

दुपारी राखीचा फोन आला. ती हसत होती आणि रडत होती. नोकरी मिळाली होती. मी फोन सासूच्या कानाला लावला. ती नुसती ‘हो, हो’ करत राहिली. फोन बंद झाल्यावर भिंतीला टेकून मनसोक्त रडली. मीही रडले, लपवायचं कशाला?

मग डोळे कोरडे करून तिनं मला विचारलं, ‘‘बबिता, शनिवारी काय रांधाचं वं?’’