मामांच्या भजनाचा क्रम

सकाळचं ऊन गॅलरीच्या कठड्यातून पट्ट्यापट्ट्यांनी आत येतं आणि मामांच्या उताण्या तळव्यांवर बसतं. डोळे गेल्यापासून ते उजेड तळव्यांनीच ओळखतात. मामा माझे सासरे. लालबागच्या आमच्या चाळीत त्यांना सगळे बुवा म्हणतात. गिरणी सुटल्यावर ते पेटीवर बसले की त्यांचा आवाज मजल्यामजल्यावर पसरायचा, धुपाचा वास पसरावा तसा, नकळत आणि घराघरांत.

दिसेनासं झालं तसं भजन मंडळात जाणं सुटलं, आणि मग बोलणंही आटत गेलं. चैत्रातल्या विहिरीसारखा मला त्यांचा तळ दिसू लागला, आणि मी घाबरले.

म्हणून मंडळाच्या जुन्या टेपा दादरच्या एका दुकानातून कॉम्प्युटरसाठी उतरवून आणल्या. माझ्या मुलीने, नेहाने, ती भजनं तळहाताएवढ्या प्लेयरमध्ये भरली. पहिला अभंग लागला, मामांची बोटं पलंगाच्या पट्टीवर ठेका धरू लागली, आणि पाठोपाठ भैरवी लागली. बोटं थांबली.

"भैरवी झाली गो. आता बुवान उठाचा," म्हणत त्यांनी प्लेयर उशीखाली सरकवला.

भैरवी म्हटली की पेटी मिटायची, त्यानंतर भजन नसतं. यंत्राला हे कोण सांगणार? ते भजनांच्या नावांतल्या इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने चाललं होतं. चार दिवस मामांनी त्याला हात लावला नाही. बोलणं गेलं होतंच, आता ऐकणंही जातंय असं वाटून माझं जेवणावरून मन उडालं.

मी चौथीपर्यंतच शिकले; इंग्रजी नाही, पण आकडे मला येतात. नेहाला विचारून मी प्रत्येक नावाआधी एकेक आकडा घातला. गजर एक, विठ्ठलाच्या रूपाचा अभंग दोन, असं करत शेवटी भैरवी बारा. मामांना देण्याआधी स्वतः ऐकलं, तर एकनंतर दहा, अकरा आणि लगेच बारा.

"आई, ते फक्त पहिला अंक बघून रांग लावतं. एक ते नऊच्या आधी शून्य लाव," नेहा हसत म्हणाली. "चौथीपर्यंत शून्य शिकवलं नव्हतं का?"

"शिकवलं होतं. आधी लावलेल्या शून्याला किंमत नसते, असं शिकवलं होतं."

आज पुन्हा प्लेयर मामांच्या हातात दिला. गजर झाला, मग रूपाचा अभंग, मग गौळण. बोटांनी पट्टी धरली, मग मान डोलू लागली. मी तांदूळ धूत होते, पाणी तसंच वाहत राहिलं. कोरसात एक उंच, हट्टी आवाज घुसला आणि मामा कितीतरी दिवसांनी मोठ्याने हसले.

"ह्यो आमचो गणपत. सूर खाली घे रे मेल्या. सांगून आयकणा नाय."

मग तेही गाऊ लागले. आवाज चिरका होता, पण जागेवर होता. मी नळ बंद केला.

गणपतकाकांना जाऊन कित्येक वर्षं झाली. पण ज्याला आपण अजून सूर खाली घ्यायला सांगतो, तो माणूस असा कितीसा दूर गेलेला असेल?